एक डेस्कटॉप, वापरणारे तिघं: वाटणी नेमकी कशी करायची

घरात एकच दणकट डेस्कटॉप आणि त्यावर डोळा असणारे तिघं, असं असेल तर हे वाचा. आमच्याकडे मी, ताई आणि बाबा. ताईची मीटिंग चालू असते तेव्हाच मला काहीतरी कंपाइल करायचं असतं आणि बाबांना नेमकं तेव्हाच फोटो लावत बसायचं असतं. एकदा वैतागून टास्क मॅनेजर उघडून बघितलं तर सीपीयू बारा-पंधरा टक्क्यांवर निवांत पडलेला. म्हणजे मशीन दमलेलं नव्हतं, फक्त खुर्ची एकच होती.

व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच पीसीत दोन-तीन वेगवेगळे पीसी असल्यासारखं करून टाकायचं. प्रत्येकाचं विंडोज किंवा लिनक्स वेगळं, फाइली वेगळ्या, रिस्टार्टसुद्धा वेगळा. एकाने व्हायरस घेतला तर त्याच्या पुरता. एक छप्पर, वेगळ्या चुली असा हा प्रकार. कल्पना काही नवीन नाही, आयबीएमच्या मोठ्या मेनफ्रेमवर १९७२ मध्येच व्हीएम/३७० नावाची सिस्टिम होती जी प्रत्येक वापरणाऱ्याला आपलंच वेगळं मशीन आहे असं भासवायची. घरगुती प्रोसेसरमध्ये त्यासाठीची सोय आली ती २००५-०६ च्या आसपास, इंटेलची व्हीटी-एक्स आणि एएमडीची एएमडी-व्ही. त्यामुळे तुमचा पीसी अगदीच पुराणकाळातला नसेल तर ही सोय त्यात असणारच.

पण थांबा, आधी एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्हाला तिघांना एकाच वेळी बसायचंय का? नसेल, सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक असं चालत असेल, तर हे सगळं करूच नका. विंडोजमध्ये तीन अकाउंट बनवा, प्रत्येकाला पासवर्ड द्या, विषय संपला. खूप लोक उगाच हौसेने व्हर्च्युअल मशीनच्या मागे लागतात आणि महिनाभराने परत साध्या अकाउंटवर येतात. लिनक्सवर मल्टीसीट म्हणूनही एक प्रकार आहे, एकच सिस्टिम पण दोन मॉनिटर, दोन कीबोर्ड आणि दोघांचं वेगळं लॉगिन. विंडोजवर तसं करायला ॲस्टरसारखं विकतचं सॉफ्टवेअर लागतं. ते सोपं आहे, पण सिस्टिम एकच असल्यामुळे एकाच्या भानगडीत सगळे बुडतात. पुढचं सगळं ज्यांना खरंच वेगळी चूल हवीय त्यांच्यासाठी.

वाटणीचा हिशोब आधी

हा भाग घाईत सोडू नका, माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. पीसीतल्या गोष्टी तीन प्रकारच्या असतात. काही सामाईक चालतात, काही मोजून वाटाव्या लागतात आणि काही एका वेळी एकाच्याच असतात.

सीपीयू सामाईक चालतो. सहा कोर, बारा थ्रेडचा प्रोसेसर असेल तर तिघांना प्रत्येकी चार-चार काय, सहा-सहा कोर दिले तरी बिघडत नाही, कारण तिघंही एकाच सेकंदाला पूर्ण जोर लावत नाहीत. कोण टाइप करतंय, कोण वाचतंय, कोण नुसतंच स्क्रीनकडे बघत बसलंय. रिकामा वेळ हायपरव्हायझर आपोआप दुसऱ्याला देतो (हायपरव्हायझर म्हणजे ही वाटणी सांभाळणारं सॉफ्टवेअर).

रॅमचं तसं नाही. ८ जीबी एका मशीनला दिली की ती गेली असंच धरून चाला. बलूनिंग नावाची सोय असते, न वापरलेली रॅम परत मागून घेणारी, पण नवख्याने तिच्या भरवशावर हिशोब मांडू नये, आणि पुढे ग्राफिक्स कार्ड एखाद्या मशीनला जोडून दिलं की त्या मशीनची सगळी रॅम सुरू होतानाच अडकून बसते, तिथे बलून चालतच नाही. आमचं गणित असं: एकूण ३२ जीबी, तिघांना ८-८ म्हणजे २४, होस्टला (म्हणजे तिघांच्या खालच्या मूळ सिस्टिमला) चारेक, बाकी शिल्लक. १६ जीबीत तिघं बसवायला जाऊ नका. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी पुरते पण ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की रडायला लागतं.

डिस्क अर्धी सामाईक. जागा वाटता येते पण वेग सगळ्यांचा एकच, म्हणून फिरती हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी घ्या, शक्यतो एनव्हीएमई. फिरत्या डिस्कवर तीन विंडोज एकदम सुरू केली तर तुमचा चहा करून, पिऊन होईल तरी डेस्कटॉप दिसणार नाही.

आणि ग्राफिक्स कार्ड, कीबोर्ड, माऊस, मॉनिटर हे एका वेळी एकाचेच. खरी मारामारी इथे असते, त्यावर पुढे बोलूच.

रंगीत तालीम

थेट मुख्य डिस्कवर प्रयोग करू नका. आधी आहे त्याच विंडोजवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, फुकट आहे. त्यात एक उबुंटू किंवा मिंट बसवून बघा, दोन-तीन दिवस वापरा. आयएसओ फाइल म्हणजे काय, व्हर्च्युअल डिस्क म्हणजे काय, स्नॅपशॉट कसा घ्यायचा हे सगळं इथे हात न भाजता कळतं. खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर, हायपर-व्ही, मधेच तडमडतोय आणि तुमचं मशीन हळू चालणार. आणि मशीन सुरूच होत नसेल, व्हर्च्युअलायझेशन बंद आहे असं सांगत असेल, तर बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जायची वेळ आली.

बायोस

पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. इंटेल असेल तर व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, एएमडी असेल तर एसव्हीएम मोड आणि आयओएमएमयू, हे दोन-दोन चालू करायचे. पहिलं व्हर्च्युअल मशीन चालवायला लागतं, दुसरं कार्ड वगैरे एखाद्या मशीनला जोडून द्यायला. एसव्हीएम मोड बऱ्याच मदरबोर्डांवर ओव्हरक्लॉकिंगच्या मेनूत लपवलेला असतो, का ते बनवणाऱ्यालाच माहीत. तिथेच असताना प्रायमरी डिस्प्ले म्हणून प्रोसेसरमधलं इनबिल्ट ग्राफिक्स निवडा, जर तुमच्या प्रोसेसरमध्ये ते असेल तर. याचा फायदा नंतर कळेल.

प्रॉक्समॉक्स बसवणं

तालीम झाली, आता खरं काम. मी प्रॉक्समॉक्स व्हीई वापरतो, म्हणजे विंडोजच्या जागी थेट पीसीवर बसणारं, व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं सॉफ्टवेअर. डेबियन लिनक्सवर बांधलेलं आहे, आत केव्हीएम नावाचा हायपरव्हायझर आहे जो २००७ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि वापरायला पैसे लागत नाहीत. विंडोज प्रोवर हायपर-व्ही पण चालतं, पण खाली एक पूर्ण विंडोज पोसायचं आणि वर तीन, हे मला पटत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, प्रॉक्समॉक्स बसवताना निवडलेली डिस्क पूर्ण पुसली जाते, त्यामुळे फोटो, कागदपत्रं, सगळं बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या आणि ती बाहेरची डिस्क केबल काढून बाजूला ठेवा. दोन, जी काही ग्राफिक्स कार्डं लावायची आहेत ती आधीच लावून टाका. नंतर कार्ड घातलं की बोर्डावरचे नंबर सरकतात, त्याबरोबर लॅन पोर्टचं नाव बदलू शकतं आणि मग प्रॉक्समॉक्स नेटवर्कवर दिसतच नाही, तुम्ही आपले केबल बदलत बसता.

आयएसओ डाउनलोड करून रूफस किंवा एचरने पेनड्राइव्हवर लिहा, रूफस विचारेल तेव्हा डीडी मोड निवडा. पेनड्राइव्हवरून बूट केलं की पुढचं सोपं आहे: डिस्क, टाइमझोन, पासवर्ड, आयपी पत्ता. डिस्कचा प्रकार विचारतो तिथे एकच डिस्क असेल तर ईएक्सटी४ ठेवा, झेडएफएस छान आहे पण त्याला रॅमची भूक असते आणि आपली रॅम आधीच वाटून झालीय. आयपी असा द्या जो राउटर दुसऱ्या कोणाला देणार नाही. आणि राउटरपर्यंत लॅनची केबलच टाका, व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क वायफायवरून पुढे नेणं हा वेगळाच वैताग आहे.

रिस्टार्ट झालं की स्क्रीनवर नुसत्या काळ्या पडद्यावर एक पत्ता दिसेल. घाबरू नका, बिघडलेलं काही नाही, हे असंच असतं. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये तो पत्ता टाका, शेवटी ८००६ हा पोर्ट नंबर आणि सुरुवातीला एचटीटीपीएस विसरू नका. ब्राउझर सर्टिफिकेटवरून ओरडेल, पुढे जा म्हणा. युजर रूट, पासवर्ड तुम्ही दिलेला. सबस्क्रिप्शन नाही म्हणून एक चौकट येईल, ती दरवेळी येते, ओके करून पुढे. फक्त अपडेट मिळण्यासाठी रिपॉझिटरीच्या पानावर जाऊन एंटरप्राइजवाली बंद आणि नो-सबस्क्रिप्शनवाली चालू एवढं करून ठेवा.

पहिलं मशीन बनवणं

डावीकडे लोकल नावाचं स्टोरेज दिसेल, त्यात विंडोजची आयएसओ अपलोड करा. तिच्याबरोबर अजून एक आयएसओ लागते ती म्हणजे विंडोजसाठीचे व्हर्टआयओ ड्रायव्हर. ही विसरलात तर पुढे अडणार म्हणजे अडणारच.

आता वर उजवीकडे क्रिएट व्हीएम. मशीनचा प्रकार क्यू३५, बायोसच्या जागी ओव्हीएमएफ म्हणजे यूईएफआय, विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० (विंडोज मागतं ती सुरक्षेची चिप) पण जोडा, ते खोटं-खोटं टीपीएम असतं पण विंडोजला चालतं. डिस्क स्कझी, आकार प्रत्येकी दोनशे-अडीचशे जीबी, आणि डिस्कार्ड नावाचा टिक नक्की लावा. सीपीयूचा प्रकार होस्ट. नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ.

मशीन सुरू केलं, विंडोजचा इन्स्टॉलर आला, नेक्स्ट नेक्स्ट केलं, आणि डिस्क निवडायच्या पानावर यादी रिकामी. इथे नवीन माणूस हमखास घाबरतो, मीही डिस्क दोनदा डिलीट करून परत बनवली होती. डिस्क जागेवर असते, फक्त विंडोजकडे ती ओळखायचा ड्रायव्हर नसतो. दुसऱ्या सीडी ड्राइव्हमध्ये ती ड्रायव्हरची आयएसओ लावा, लोड ड्रायव्हर दाबा, ब्राउझ करून व्हीआयओस्कझी नावाच्या फोल्डरमध्ये जा, त्यात तुमच्या विंडोजच्या आवृत्तीचं फोल्डर, त्यात एएमडी६४. प्रोसेसर इंटेलचा असला तरी एएमडी६४ च, ६४ बिटला तेच नाव पडलंय. ओके केलं की डिस्क प्रकट होते. विंडोज बसल्यावर त्याच सीडीवरचा गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवा म्हणजे बाकीचे ड्रायव्हर येतात.

हे एक मशीन नीट सजवा, अपडेट करा, आणि मग त्याची नक्कल काढायची असेल तर आधी विंडोजमधलं सिसप्रेप (मशीनची स्वतःची ओळख पुसणारं टूल) चालवून मशीन बंद करा, मग क्लोन करा. लायसन्सबद्दल गैरसमज नको, प्रत्येक व्हर्च्युअल विंडोजला स्वतःचं वेगळं लायसन्स लागतं, क्लोन केलं म्हणून ते क्लोन होत नाही. बाबांना ब्राउझर आणि फोटोच बघायचे होते म्हणून त्यांना मी मिंट दिलं, एक लायसन्स वाचलं, आणि त्यांना अजून फरक कळलेला नाही.

स्क्रीन कुठून आणायची

इथे दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता रिमोटचा. घरातला जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय, काहीही चालेल, तो फक्त स्क्रीन आणि कीबोर्डचं काम करतो आणि खरं मशीन डेस्कटॉपच्या आत चालतं. आतलं विंडोज प्रो असेल तर रिमोट डेस्कटॉप चालू करा आणि जोडा. होम आवृत्ती असेल तर नाही जमणार, होमवरून दुसरीकडे जोडता येतं पण होमवर कोणी जोडू शकत नाही. लिनक्स असेल तर एक्सआरडीपी टाका, किंवा प्रॉक्समॉक्समध्ये डिस्प्ले स्पाइस करून लॅपटॉपवर व्हर्ट-व्ह्यूअर घ्या. लिहिणं, हिशोब, ईमेल, कोडिंग सगळं छान चालतं. व्हिडिओ कॉल मात्र आतल्या मशीनमधून करू नका, कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपवरून डेस्कटॉपवर आणि परत लॅपटॉपवर असं फिरतं आणि सगळे ओठ एक सेकंद उशिरा हलतात. कॉल लॅपटॉपच्याच ब्राउझरमध्ये करा.

अवघड रस्ता पासथ्रूचा. म्हणजे एक अख्खं ग्राफिक्स कार्ड एका मशीनला देऊन टाकायचं, त्या कार्डाला मॉनिटर लावायचा, आणि समोर बसणाऱ्याला कळतसुद्धा नाही की हा खरा पीसी नाही. एका खुर्चीला एक कार्ड. होस्टसाठी इनबिल्ट ग्राफिक्स राखून ठेवा, त्यासाठीच मघाशी बायोसमध्ये ते प्रायमरी केलं. काहीतरी फसलं तर तिथे मॉनिटर लावून आत शिरता येतं, नाहीतर आंधळी कोशिंबीर.

पासथ्रूमध्ये नवीन माणूस अडकतो तो आयओएमएमयू ग्रुपमध्ये. बोर्ड आपली उपकरणं गटागटाने बांधून ठेवतो आणि एका गटातलं एक उपकरण दिलं की अख्खा गट होस्टच्या हातून जातो. प्रोसेसरजवळचा पहिला मोठा स्लॉट बहुतेक वेळा वेगळ्या गटात असतो, पण खालचा दुसरा स्लॉट चिपसेटमार्गे जातो आणि बऱ्याच स्वस्त बोर्डांवर त्याच गटात लॅन पोर्ट आणि साटा कंट्रोलरही असतात. मी दुसरं कार्ड ताईच्या मशीनला जोडलं, स्टार्ट दाबलं, आणि वेबपेज जिथल्या तिथे थिजलं. होस्टचं लॅनच त्या कार्डाबरोबर निघून गेलं होतं. म्हणून आधी गट तपासा, प्रॉक्समॉक्समध्ये पीसीआय डिव्हाइस जोडताना यादीत गटाचा नंबर दिसतो. आणि हे मशीन आपोआप सुरू होण्यावर कधीच ठेवू नका, निदान दोन-तीनदा हाताने सुरू करून खात्री होईपर्यंत.

कार्ड जोडताना ऑल फंक्शन्स टिक करा म्हणजे एचडीएमआयचा आवाजपण त्याच्याबरोबर जातो. होस्टने त्या कार्डावर स्वतःचा ड्रायव्हर चढवू नये याची सोय करावी लागते, ती प्रॉक्समॉक्सच्या विकीत कार्डाच्या कंपनीनुसार दिलीय, तिथूनच घ्या, कुठल्यातरी जुन्या व्हिडिओतून नको. एनव्हिडियाच्या साध्या कार्डांचा ड्रायव्हर पूर्वी व्हर्च्युअल मशीन दिसलं की एरर ४३ देऊन बसायचा, २०२१ पासून कंपनीनेच ती अडवणूक काढून टाकली, पण जुने व्हिडिओ अजून त्याचेच तोडगे सांगतात. एएमडीच्या काही जुन्या कार्डांना वेगळा रोग आहे, मशीन बंद करून परत सुरू केलं की कार्ड नीट रिसेटच होत नाही, अख्खा पीसी रिस्टार्ट करावा लागतो.

एक गोष्ट मात्र पासथ्रूनेही होत नाही. अँटी-चीट असलेले काही ऑनलाइन गेम्स व्हर्च्युअल मशीन ओळखतात आणि चालूच होत नाहीत. मुख्य हेतू तोच असेल तर हा सगळा खटाटोप करू नका.

कीबोर्ड कोणाचा

कीबोर्ड आणि माऊस देताना प्रॉक्समॉक्स विचारतो, आयडीवरून देऊ की पोर्टवरून. आयडीवरून दिलं तर ते कुठल्याही पोर्टला लावा, चालतं. पण मी हौसेने एकाच मॉडेलचे दोन कीबोर्ड आणले होते आणि एकाच मॉडेलच्या दोन वस्तूंचा आयडी अगदी एकसारखा असतो. परिणाम असा की माझ्या कीबोर्डवर मी पासवर्ड टाइप करतोय आणि ताई पलीकडून विचारतेय की माझ्या मेलमध्ये हे काय उमटतंय. तेव्हापासून पोर्टवरून देतो आणि कॅबिनेटच्या मागे प्रत्येक पोर्टवर नावाची चिठ्ठी चिकटवलीय. पेनड्राइव्ह वगैरे प्रत्येकाने स्वतः लावायचा असेल तर अख्खा यूएसबी कंट्रोलरच पासथ्रू करणं बरं, पण त्यालाही तोच गटाचा नियम.

परवानग्या

सगळ्यांना रूटचा पासवर्ड देऊ नका. प्रॉक्समॉक्सच्या पानावर डेटासेंटर नावाचा भाग आहे, तिथे प्रत्येकाचा युजर बनवा आणि त्याच्या मशीनपुरता पीव्हीई-व्हीएम-युजर हा रोल द्या. मग त्याला स्वतःचंच मशीन दिसतं, चालू-बंद करता येतं, दुसऱ्यांच्या मशीनला हात लावता येत नाही.

डिस्क भरण्याची गोष्ट

ही मला महागात पडली म्हणून जरा सविस्तर. प्रॉक्समॉक्सची नेहमीची डिस्क थिन असते, म्हणजे तुम्ही ४०० जीबी दिले तरी वापरले तेवढीच जागा खरी अडते. त्यामुळे १ टीबीच्या डिस्कवर मी तिघांना ४००-४०० दिले, १२०० झाले तरी सिस्टिम फारशी कुरकुरली नाही. सहा महिने मजेत गेले. मग एके दिवशी तिघांचीही मशीन एकदम थिजली, माऊससुद्धा हलेना, आणि प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येकापुढे आयओ एरर. पूल, म्हणजे तिघांच्या डिस्कची खालची सामाईक जागा, शंभर टक्के भरला होता. गंमत म्हणजे ताईने आदल्याच आठवड्यात दीडशे जीबीचे व्हिडिओ उडवले होते, पण डिस्कार्डचा टिक नसल्यामुळे ती मोकळी जागा खाली होस्टपर्यंत पोचलीच नव्हती. तिच्या विंडोजला वाटतंय जागा आहे, होस्टला वाटतंय नाही. म्हणून तो टिक, आणि म्हणून वाटलेल्या जागेची बेरीज खऱ्या जागेच्या आतच ठेवा. प्रॉक्समॉक्समध्ये हा पूल लोकल-एलव्हीएम नावाने दिसतो, त्याचा आकडा ८० टक्क्यांवर गेला की आवराआवर सुरू करा.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या, रात्रीचं शेड्यूल लावता येतं. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर राहतो, डिस्क गेली की तोही गेला, त्याला बॅकअप म्हणू नका. आणि बॅकअप एकदा तरी नवीन मशीन म्हणून परत उभा करून बघा, उघडतो का ते.

रोजचं चालवणं

प्रत्येक मशीनच्या ऑप्शन्समध्ये स्टार्ट ॲट बूट असतं आणि शेजारीच क्रम व थांबा किती सेकंद ते. तिन्ही एकदम उठवण्यापेक्षा मध्ये तीस-तीस सेकंद ठेवा. यूपीएस असू द्या, कारण आता लाइट गेली की एकाचं नाही, तिघांचं काम जातं. बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय असतो तो लावून ठेवा.

आणि कॅबिनेटचं पॉवर बटण. बाबांनी सवयीप्रमाणे काम झाल्यावर जाताना ते दाबलं, प्रॉक्समॉक्सने इमानदारीत सगळ्यांना बंद व्हायला सांगितलं, आणि ताईची मीटिंग अर्ध्या वाक्यात तुटली. आता त्या बटणावर जाड चिकटपट्टी आहे आणि बाबांच्या डेस्कटॉपवर शटडाउनचं मोठं लाल आयकॉन.